एक ‘टक’ आणि बारा व्होल्ट

२०२३ च्या सप्टेंबरअखेरीची गोष्ट. तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना जेट-स्कीवरून फिरवण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा सकाळी सातलाच फोन आला. “सर, बटण दाबलंय काय नुसतो ‘टक’ करून आवाज येता. इंजिन काय फिरणा नाय.” पावसाळ्याचे तीन महिने वाहन शेडमध्ये उभे होते. बॅटरी उतरली असेल म्हणून त्याने नवी बॅटरी घातली, तरी ‘टक’. मग कोणीतरी सांगितले म्हणून रिले बदलला, तरी ‘टक’च. आता तो स्टार्टर मागवायच्या बेतात होता. मोसम तोंडावर आलेला, दोन भागांचे पैसे पाण्यात गेलेले, आणि तिसरा भाग त्या दोघांच्या बेरजेपेक्षा महाग.

मी विचारले, “मल्टिमीटर आहे का?”

“आसा.”

“मग काही बदलू नकोस. आधी मोज.”

पुढची वीस मिनिटे आम्ही फोनवर जे केले ते सगळे नववी-दहावीच्या विद्युतधारेच्या धड्यातलेच होते. म्हणून शिक्षकमित्रांसाठी ते सविस्तर लिहितो आहे.

ज्यांनी जेट-स्की पाहिली नसेल त्यांनी पाण्यावरच्या मोटरसायकलची कल्पना करावी. (जेट-स्की हे खरे तर कावासाकी कंपनीचे व्यापारी नाव. त्या कंपनीने १९७३ मध्ये या नावाचे वाहन बाजारात आणले, आणि छायाप्रतीला आपण झेरॉक्स म्हणू लागलो तसे पुढे अशा सगळ्याच वाहनांना लोक जेट-स्की म्हणू लागले.) बंदिस्त होडक्याच्या पोटात इंजिन असते. ते एक पंखा फिरवते. पंखा तळातून पाणी ओढून मागच्या तोंडातून जोराने फेकतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार वाहन पुढे सरकते. आपल्या विषयाच्या दृष्टीने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बहुतेक वाहनांत इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये क्लच नसतो. इंजिन फिरले की पंखाही फिरतो. आजच्या बैठ्या जेट-स्कीला किकही नसते आणि ओढायची दोरीही नसते. इंजिन चालू करण्याचा एकच मार्ग म्हणजे स्टार्टरचे बटण. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला एक दोरी बांधलेली असते. तो पाण्यात पडला की दोरीचे टोक वाहनातून निसटते आणि इंजिन बंद पडते, म्हणजे वाहन त्याला सोडून पुढे जात नाही. याचा अर्थ, दर वेळी कोणी पडले की किनाऱ्यापासून दूर, हलत्या पाण्यात, स्टार्टरची गरज लागणार. “दहातून आठ वेळा लागतो” असा स्टार्टर घेऊन समुद्रात जाणे म्हणूनच धोक्याचे. ओहोटी आणि वारा उरलेल्या दोन वेळांची वाट पाहत नाहीत.

आता त्या ‘टक’कडे वळू. तो आवाज स्टार्टरचा नसतो. तो असतो रिलेचा. स्टार्टरची मोटर शंभर अँपिअरच्या घरातली, आणि सुरुवातीच्या क्षणी त्याच्याही दुप्पट, धारा ओढते. एवढी धारा हँडलवरच्या इवल्याशा बटणातून नेली तर बटण वितळेल. म्हणून बटण फक्त तीन-चार अँपिअरची धारा एका नालकुंतलात सोडते. त्याचा विद्युतचुंबक होतो, तो लोखंडी दांडा ओढून घेतो आणि दांड्याच्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड खिळ्यांना जोडते. दांडा आपटल्याचा आवाज म्हणजे ‘टक’. या आवाजावरून एवढेच समजते की फ्यूज, दोरीची कळ, बटण आणि नालकुंतल ठीक आहेत. मोठी धारा पुढे गेली की नाही, हे आवाज सांगत नाही.

‘टक’ऐवजी ‘टकटकटकटक’ अशी माळ लागली, तर बॅटरीवर संशय घ्यावा. रिले जोडला जातो, मोटर धारा मागते, अशक्त बॅटरीचे विभवांतर एकदम कोसळते, त्यामुळे विद्युतचुंबक दांडा धरून ठेवू शकत नाही. दांडा सुटतो, मोटरची मागणी थांबते, विभवांतर पुन्हा वर येते, दांडा पुन्हा ओढला जातो. विद्युत घंटी शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही. मूळ तत्त्व तेच, स्वतःचाच मार्ग तोडणारा विद्युतचुंबक.

एकच ‘टक’ मात्र फसवा असतो, कारण अगदी वेगवेगळ्या दोषांत तो कानाला सारखाच लागतो. तो ओळखायचा तर बटण दाबलेले असताना बॅटरीच्या दोन टोकांमधील विभवांतर पाहावे लागते. इथे अंतर्गत रोध उपयोगी पडतो. एरवी गणिते सोडवण्यापलीकडे त्याचे काम काय, असा प्रश्न मुलांना (आणि खरे सांगायचे तर मलाही) पडलेला असतो.

सोपे आकडे घेऊ. शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट असतात आणि पूर्ण भारित असताना ती सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. समजा तिचा अंतर्गत रोध ०.०२ ओहम, जाड केबल आणि जोड मिळून ०.००५ ओहम, मोटरचा ०.०४ ओहम. एकूण ०.०६५. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी, मोटर अजून स्थिर असताना, धारा १२.६ ÷ ०.०६५, म्हणजे सुमारे १९४ अँपिअर. बॅटरीच्या आतच ३.९ व्होल्ट खर्च होतात आणि तिच्या टोकांवर ८.७ व्होल्ट उरतात. मोटर फिरू लागली की तिच्या वेटोळ्यांत विरोधी विद्युतवाहक बल निर्माण होते, धारा कमी होते आणि बॅटरीचे विभवांतर पुन्हा सावरते. म्हणून निरोगी वाहनात बटण दाबल्यावर मीटर क्षणभर खाली जातो आणि दहा-अकराच्या आसपास स्थिरावतो.

आता मोटर फिरलीच नाही, पण मीटर आठ-नऊवर जाऊन तिथेच बसला, तर? तर धारा पूर्ण वाहते आहे. काहीतरी अडकले आहे. पंख्यात मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा गुंतलेला असू शकतो किंवा वाळूचा खडा अडकलेला असू शकतो. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असू शकते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे दट्ट्या वर जाऊ शकत नाही आणि ‘धप्प’ असा आवाज होऊन सगळे थांबते. अशा वेळी बटण दाबत राहिले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. स्पार्क प्लग काढून पाणी बाहेर जाऊ द्यावे लागते.

उलट, बटण दाबल्यावरही मीटर १२.५ च्या खाली येत नसेल, तर बॅटरीतून मोठी धारा निघालीच नाही. जाड मार्गात कुठेतरी खंड आहे. आणि मीटर मध्येच, अकराच्या आसपास अडकला आणि मोटर फिरली नाही, तर कुठल्या तरी जोडात नको तेवढा रोध आहे. वरच्याच उदाहरणात एका गंजलेल्या जोडाचा ०.१ ओहम मिळवून पाहा. धारा उतरते ७६ अँपिअरवर. स्थायी चुंबकाच्या मोटरचे बल धारेच्या प्रमाणात असते, म्हणजे मोटरचे साठ टक्के बळ गेले. बॅटरीवर ११.१ व्होल्ट दिसतात, पण त्यातले ७.६ तो एकटा जोड खातो आणि मोटरच्या वाट्याला जेमतेम ३ येतात. शिवाय त्या जोडात ७६ × ७६ × ०.१, म्हणजे जवळजवळ ५८० वॅट उष्णता होते. हात लावाल तर भाजेल.

हा ०.१ ओहम रोध ओहममापकाने सापडत नाही. आपल्या शाळेतल्या साध्या मल्टिमीटरच्या सर्वांत लहान टप्प्यावर शेवटचा अंकच ०.१ ओहमचा असतो, आणि त्याच्या दोन वायरींचाच रोध त्याहून जास्त भरतो. दिवा लावूनही तो कळत नाही. ५ वॅटचा दिवा ०.४ अँपिअर घेतो, तेव्हा त्या जोडात फक्त ०.०४ व्होल्टची घट होते, दिवा लख्ख लागतो आणि मेकॅनिक म्हणतो, “करंट येतोय की!” दोष दाखवून द्यायचा तर त्यातून मोठी धारा वाहत असतानाच विभवांतर मोजले पाहिजे. मल्टिमीटर एकसर जोडून ती धारा मोजण्याचा मोह मात्र टाळावा. त्याची मर्यादा बहुधा १० अँपिअरची असते. फ्यूज जाईल किंवा मीटरच जाईल.

म्हणून फोनवर आम्ही असे केले. आधी सीट काढून होडक्याचे पोट दहा मिनिटे उघडे ठेवले. बंदिस्त जागेत पेट्रोलची वाफ साचते, ती हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि तिला एक ठिणगी पुरते. याच कारणाने रिलेचे दोन खिळे डिस्मिसने जोडून ‘डायरेक्ट’ देण्याची जी पद्धत गॅरेजात सर्रास दिसते, ती इथे कधीही करू नये. मीटरच्या चिमट्यांनाही हाच नियम: ते आधी लावायचे आणि मग बटण दाबायचे.

बॅटरी: नुसती १२.७, बटण दाबल्यावर १२.५. म्हणजे धारा नाही. बॅटरी बिनदोष आहे, आणि बहुधा जुनीही तेवढी वाईट नव्हती. मग रिलेच्या दोन जाड खिळ्यांमध्ये मीटर लावला. न दाबता १२.६, दाबल्यावर जवळजवळ शून्य. मुले इथे नेहमी गोंधळतात. शून्य दिसले की त्यांना वाटते बिघाड आहे. पण कळ बंद (जोडलेली) असेल तर तिच्या दोन टोकांत विभवांतर नसणेच योग्य. बटण दाबल्यावरही १२ राहिले असते तर रिलेचे संपर्क जळलेले ठरले असते. रिलेही बिनदोष. शेवटी मीटरचे एक टोक स्टार्टरच्या जाड खिळ्यावर, दुसरे स्टार्टरच्या अंगावर. बटण दाबले. १२.४.

म्हणजे मोटरच्या दारापर्यंत १२.४ व्होल्ट पोहोचत होते आणि मोटर धारा घेत नव्हती. खंड तिच्या आत होता.

“पान्याच्या दांड्यानं स्टार्टरला हलकेच ठोक आणि परत दाब,” मी म्हटले. इंजिन एक फेरा फिरले आणि थांबले. संशयाला आता जागा उरली नाही: आत कार्बन ब्रश अडकला होता. ठोकण्याचा हा उपाय फक्त निदानापुरता. असे ठोकून ठोकून मोसम काढणारे लोक आहेत. पण समुद्रावर सीट उघडून ठोकत बसणे शक्य नसते, आणि स्थायी चुंबक ठिसूळ असल्याने जोराच्या ठोक्याने त्याचा तुकडाही पडतो.

हा स्टार्टर पुढे मी शाळेत दाखवण्यासाठी मागून घेतला. उघडल्यावर चमचाभर तांबूस पूड पडली. इंजिनाच्या बाजूला अगदी खालच्या अंगाला तो बसवलेला असतो. होडक्याच्या तळात पाणी साचले की पहिली आंघोळ त्याची. टोकाच्या झाकणाची रबरी कडी चिरली की खारे पाणी आत. चार ब्रशांपैकी एक झिजून बोटाच्या पेराएवढाही उरला नव्हता, दुसरा गंजाने आपल्या खोबणीत घट्ट बसला होता. स्प्रिंग त्याला कम्युटेटरवर (आपल्या पुस्तकातली दुभंगलेली कडी ती हीच, फक्त दोनऐवजी पुष्कळ तुकड्यांची) दाबू शकत नव्हती. कम्युटेटरच्या तुकड्यांमधल्या फटी कार्बनच्या भुकटीने भरल्या होत्या. ब्रश नवे घालून हा स्टार्टर दुरुस्त होईल का, असे विद्यार्थ्याने विचारले. गंज फक्त ब्रशापुरता असता तर मी हो म्हटले असते. पण एका चुंबकाच्या पाठीमागे गंज फुगून तो कवचापासून सुटायला लागला होता. तो निसटून फिरत्या भागात अडकला असता तर मोटर जागीच थिजली असती. स्टार्टर बदलायचे ठरले.

इथे एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोटारगाडीला विजेचा स्टार्टर लावता येईल हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेकांना खरे वाटत नव्हते. इंजिन फिरवायला मोटर इंजिनाएवढीच मोठी लागेल असा हिशेब होता. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने त्यापूर्वी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची छोटी मोटर केली होती, आणि तिला काम काही क्षणच करावे लागते हे त्याला ठाऊक होते. काही सेकंदांपुरते काम असेल तर लहान मोटरवर तिच्या ऐपतीबाहेरचा भार टाकता येतो. तापण्याआधीच ती मोकळी होते. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्याचा स्टार्टर आला आणि हँडल उलटे फिरून मनगट मोडण्याचे दिवस सरू लागले. आजचा प्रत्येक स्टार्टर या उसनवारीवरच चालतो. म्हणून बटण पाच-सात सेकंदांहून जास्त दाबू नये आणि मध्ये मोटरला निवायला वेळ द्यावा. बंद डब्यातल्या मोटरला तर पंख्याचाही वारा नसतो.

बदलण्याचे काम तसे मोजके, पण जागा अडचणीची. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, मग धन. उलटे केले आणि धन टोकावरचा पाना इंजिनाला टेकला, तर सगळी बॅटरी त्या पान्यातून मोकळी होते. काही वाहनांत स्टार्टरपर्यंत हात जायला एक्झॉस्टचा किंवा हवा आत घेणारा भाग काढावा लागतो. जाड खिळ्याची नट सोडताना आतली नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवावी. नाहीतर खिळाच फिरतो आणि आत ब्रशाला जोडलेली तार तुटते. कितीतरी नवे स्टार्टर बसवतानाच असे मरतात. जुना आणि नवा शेजारी ठेवून पुढच्या लहान चाकाचे, म्हणजे पिनियनचे, दात मोजावेत आणि फिरण्याची दिशा जुळते का पाहावी. फ्लायव्हीलच्या दातांवरही नजर टाकावी. तेच झिजले असतील तर नवा स्टार्टर नुसताच घरघरेल. रबरी कडीला थोडे ग्रीस लावून स्टार्टर सरळ आत ढकलावा. बोल्ट पहिले काही फेरे हातानेच फिरवावेत, कारण इंजिन ॲल्युमिनियमचे असते आणि तिरका गेलेला पोलादी बोल्ट त्याचे आटे एका झटक्यात खातो.

इंजिनाला टेकणारी स्टार्टरची बाजू चकचकीत घासलेली हवी. धारेचा परतीचा मार्ग तोच असतो, हे बहुतेक जण विसरतात. आमच्या बाबतीत नवा स्टार्टर लागला, इंजिन फिरलेही, पण जरा आळसाने. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खिळ्यावर, दुसरे स्टार्टरच्या अंगावर ठेवून बटण दाबायला सांगितले. अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी यायला हवे होते, आले १.३. ऋण केबलच्या टोकाचे रबर सोलले तर आतले तांबे हिरवट-काळे पडलेले. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, आणि म्हणून आपल्या आज्या भांड्यांना कल्हई लावून घेत. समुद्रावर वापरायच्या चांगल्या केबलींतही तांब्याच्या प्रत्येक बारीक तारेला कथिलाचा मुलामा असतो, म्हणजे कल्हईच. साधी मोटारगाडीची केबल स्वस्तात मिळते म्हणून घातली तर खारे पाणी केशाकर्षणाने रबराच्या आत चढत जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. ती केबल बदलल्यावर घट ०.२ व्होल्टवर आली. ती तशीच ठेवली असती तर नवा स्टार्टर दर वेळी हळू आणि जास्त वेळ फिरून तापत राहिला असता, आणि वर्षभरात पुन्हा स्टार्टरलाच दोष लागला असता.

वर्गात हे सगळे दाखवायला जेट-स्की लागत नाही. खेळण्यातली छोटी मोटर, दोन घट आणि अँपिअरमापक एकसर जोडा. मोटर मोकळी फिरताना धारा नोंदवा, मग तिचा दांडा बोटांनी धरून थांबवा. धारा कितीतरी पट वाढलेली दिसेल. दांडा सोडला की ती लगेच उतरेल. विरोधी विद्युतवाहक बलाचा याहून सोपा पुरावा मला माहीत नाही. (दोन-तीन सेकंदांहून जास्त धरू नका, वेटोळे तापते.) मग परिपथात एक गंजलेला खिळा जोड म्हणून घाला. खिळ्याच्या दोन टोकांना मिलिव्होल्टचा मीटर लावून मोटर मोकळी असताना आणि धरलेली असताना वाचन घ्या. त्याच खिळ्यावर दोन वेगळी वाचने का येतात, हा प्रश्न फळ्यावर लिहून मुलांना विचार करू द्या.

तारकर्लीच्या त्या जेट-स्कीत आता सीटच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वही असते. मोसमाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तीन आकडे तिच्यात लिहिले जातात: बटण दाबल्यावर बॅटरीचे विभवांतर, धन बाजूची घट, ऋण बाजूची घट. गेल्या खेपेला धन बाजू ०.२ वरून ०.४ वर गेलेली दिसली, तेव्हा त्याने फोन न करताच रिलेवरचा जोड सोडवून घासला.